जूनच्या आधीचा महिना



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा मला वाटले, कामगार कायद्यांवर बोलायचे असेल. तो विषय माझ्या जिभेवर असतो. रात्री झोपेतून उठवले तरी तासभर बोलू शकेन. पण त्यांनी विषय दिला तो निराळाच. शाळेचे वर्ष सुरू होण्याआधी मुलांच्या मनाची तयारी कशी करावी, यावर बोला म्हणाले. मी म्हटले, अहो, माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तर ते म्हणाले, म्हणूनच! या 'म्हणूनच'चा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. पण कामगार चळवळीतला माणूस आलेले बोलावणे नाकारीत नाही, म्हणून उभा आहे. आयुष्यात जे पाहिले आणि नंतर फुरसतीने जे वाचले, तेवढेच सांगेन.

आज इकडे येताना भोरच्या बाजारपेठेतून चालत आलो. दुकानांच्या दारांत रेनकोट टांगले आहेत, दप्तरांच्या माळा लोंबताहेत, वह्यांचे गठ्ठे फुटपाथपर्यंत आले आहेत. शाळा उघडायला अजून महिना आहे, पण आईबापांची लगबग सुरू झाली आहे. मुलाचा गणवेश, मुलाचे बूट, मुलाची पाण्याची बाटली, सगळ्याची तयारी चालू आहे. फक्त ज्याच्या अंगावर हे सारे चढवायचे, त्या मुलाला कोणी काही विचारलेले नाही, आणि बहुधा सांगितलेलेही नाही. फार तर एवढेच सांगितलेले असते, की "आता कर दंगा. जूनमध्ये शाळेत टाकतो, मग मास्तर सरळ करतील."

हे 'शाळेत टाकणे' मोठे विचित्र आहे. आपण पत्र पेटीत टाकतो, कपडे धुवायला टाकतो, पैसे बँकेत टाकतो आणि मूल शाळेत टाकतो. टाकलेल्या वस्तूला काय वाटते याची चौकशी कोण करणार?

मला ते वाटणे ठाऊक आहे. माझ्यापुरती त्या गोष्टीची तारीखसुद्धा मला सांगता येते.

आमचे घर हिर्डोशी खोऱ्यातल्या एका वाडीत. भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरेच्या कडेकडेने वरंधा घाटाकडे चढतो, तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आज तिथे नीरा देवघर धरणाचे पाणी पसरलेले दिसते; माझ्या लहानपणी तिथे भातखाचरे होती. भात पिकवून वर्ष निघत नसे, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला असे. माझे वडील लालबागेत एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. आम्ही मुले आईबरोबर चाळीतल्या खोलीत राहत होतो आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत जात होतो. दरवर्षी परीक्षा झाली की आम्ही गावी यायचो. करवंदे, जांभळे खाऊन तोंड काळे करायचे आणि मृगाचा पाऊस पडायच्या सुमारास परत मुंबई गाठायची, असा रिवाज होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचा इतिहास सांगायला मी आज उभा नाही. तो सांगू लागलो तर ही सभा पहाटेपर्यंत चालेल. मला सांगायचे आहे ते त्या वर्षीच्या मे महिन्याचे. पाचवीची परीक्षा झाली आणि आम्ही नेहमीप्रमाणे गावी आलो. निघताना बाकावर माझ्याशेजारी बसणाऱ्या दोस्ताला मी बजावले होते, की जूनमध्ये तू आधी पोचलास तर खिडकीजवळची जागा धरून ठेव. त्या खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची. तो "धरतो" म्हणाला.

मे संपला. जून उजाडला. मी आईला विचारी, "कधी जायचं?" ती म्हणे, "जायचं पुढच्या आठवड्यात." आठवडा उलटला की पुन्हा पुढचा आठवडा. मग पाऊस लागला. आमच्या खोऱ्यात पाऊस लागतो म्हणजे काय, हे शहरी माणसाला सांगून कळायचे नाही. समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. अशा एका सकाळी चुलते म्हणाले, "चल रे, शाळेत जायचं." मी म्हटले, "कुठल्या शाळेत?" त्यांनी उत्तर दिले नाही. त्यांना वाटले, आईने सांगितले असेल. आईला वाटले, पोराला आपोआप कळले असेल. मी चुलीपाशी तिच्याकडे पाहिले, तर ती फुंकणी घेऊन चुलीत वाकली होती. धूर तर काही नव्हता.

माझ्याकडे दप्तर नव्हते. पुस्तके मुंबईला, खोलीत. पायात मुंबईचे बूट, ते पहिल्याच चिखलात तळापासून उकलले. आणि खरे सांगतो, मला त्या शाळेची भीती वाटली नाही. शाळा ही शाळाच असते. मला वाटले ते एवढेच, की माझ्याबद्दल काहीतरी ठरले आहे आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. मी अकरा वर्षांचा होतो. पुढे चाळीस वर्षांत कामगार म्हणून आणि कामगारांचा म्हणून अनेकदा हाच अनुभव घेतला. सकाळी फाटकावर यावे आणि कुलूप व नोटीस पाहावी! अंगातून जी कळ जाते ती तीच, लहानपणीची.

आता मी माझ्या आईला दोष देतो काय? नाही. ती बिचारी काय सांगणार? तिलाच ठाऊक नव्हते. मुंबईहून येणारा जो तो सांगे, की आठ दिवसांत मिटतेय. तीही त्याच आशेवर होती. पण आज तिच्या वयापेक्षा मोठा झाल्यावर मला वाटते, एक गोष्ट ती सांगू शकली असती. "बाळा, परत कधी जायचं ते मलाही ठाऊक नाही. तोवर इथल्या शाळेत जा. कळलं की पहिलं तुला सांगीन." एवढी तीन वाक्ये. संपात पडलेल्या माणसांशी बोलताना मी हे शिकलो. पुढारी जर रोज सांगत राहिला, की उद्या मिटणार, परवा मिटणार, तर माणसे उपासाने मोडणार नाहीत इतकी त्या 'उद्या'ने मोडतात. त्यापेक्षा "मला ठाऊक नाही, पण मी तुमच्याबरोबर आहे" असे सांगणाऱ्याच्या मागे माणसे दिवस काढतात. मूल काही निराळ्या मातीचे नसते.

त्या सकाळी मला वाचवले ते एका चौथीतल्या मुलीने. आमच्याच वाडीतली. चुलते मला पाणंदीपर्यंत सोडून शेतावर गेले. ती मागून आली, डोक्यावर इरले घेऊन. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मुंबईवाल्या, इरल्यात ये." मी तिच्यापेक्षा दोन यत्ता पुढचा, लाज वाटली, पण गेलो. वाटभर ती सांगत होती. त्या दगडावर पाय देऊ नको, निसरडा हाय. वर्गात तिसऱ्या रांगेत बसू नको, तिथं गळतं. गुरुजी वरडत्यात ते रागानं न्हाय, त्यांना कमी ऐकू येतं. घंटा दोनदा वाजली की भाकरीची सुट्टी. वढ्याला पाणी चढलं की घंटेच्या आधीच सोडत्यात, मग मी तुझ्यासाठी थांबते.

मंडळी, नंतर मी बालमानसशास्त्रावरची बरीच पुस्तके वाचली. काही समजली, काही नाही. पण त्या दहा मिनिटांत त्या मुलीने जे केले, त्यापेक्षा जास्त मला कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही. तिने मला 'घाबरू नको' असे एकदाही म्हटले नाही. जिथे घाबरायला हवे ती जागा तिने दाखवली, तो निसरडा दगड! आणि जिथे घाबरायचे कारण नव्हते तिथले कारण सांगितले, की गुरुजींना कमी ऐकू येते. शेवटी, परतीच्या वाटेला आपण असू, हे सांगितले.

कारखान्यात नवा पोरगा कामावर येतो, त्याच्याशी मी पहिल्या दिवशी बोलतो. तीस वर्षे बोलत आलो. त्याला पगाराची चिंता असते असे तुम्हाला वाटेल. पण पहिल्या दिवशी तो पगाराचे विचारीत नाही. तो विचारतो, पाणी कुठे, संडास कुठे, जेवणाची सुटी केव्हा, आणि काही झाले तर सांगायचे कुणाला? विशी-पंचविशीचा गडी, मिसरूड फुटलेला, त्याला हे प्रश्न पडतात. जुन्या गिरणगावात तर गावाकडून आलेला माणूस गिरणीत एकटा कधी गेलाच नाही. गाववाला किंवा भाऊबंद त्याला गाळ्यात राहायला जागा देई, खानावळ दाखवी, खात्यात नेऊन उभा करी. आणि आपण सहा वर्षांच्या पोराकडून अपेक्षा धरतो, की त्याने फाटकातून आत जावे, मागे वळून पाहू नये आणि रडू तर मुळीच नये!

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. या मे महिन्यात, शाळा बंद असताना, मुलाला घेऊन एकदा शाळेपर्यंत चालत जा. शाळा रिकामी असते तेव्हा ती लहान दिसते. फाटकातून दाखवा: हा तुझा वर्ग असेल बहुधा, हा नळ, ही घंटा. आणि मुतारी कुठे आहे ते जरूर दाखवा. सभेत हा शब्द उच्चारल्याबद्दल क्षमा करा. पण पहिलीतल्या कितीतरी मुलांची सकाळ या एका चिंतेत जाते. मुलींची तर फारच. बाईंना विचारायचे कसे, विचारले तर हसतील काय, आणि तोवर झालेच तर? घरी येऊन मूल सांगते, पोटात दुखते. आपण ओव्याचे पाणी देतो. "बाई, मला जायचंय" हे वाक्य मे महिन्यात घरी चार वेळा म्हणून घेतलेत, तर ओवा वाचेल.

डब्याचे झाकण स्वतः उघडता येणे, चपलेचा पट्टा लावता येणे, स्वतःचे पूर्ण नाव सांगता येणे, याही अशाच गोष्टी. या अभ्यासाच्या गोष्टी नव्हेत. पण ज्याला डबा उघडता येत नाही ते मूल उपाशी राहते, आणि भुकेल्या मुलाला शाळा वाईटच वाटते. मी सभांतून पाहिले आहे, भुकेल्या मोठ्या माणसालाही भाषण वाईटच वाटते.

आता एक कबुली द्यायची आहे. ती दिली नाही तर हे सारे बोलणे पोकळ होईल.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिला बालवाडीत पोचवायचे काम एके दिवशी माझ्याकडे आले. तिचा पहिला दिवस होता आणि बायकोची सकाळची पाळी होती. त्याच दिवशी दहा वाजता एका कारखान्याच्या फाटकावर आमची सभा. पोर हात सोडेना. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "मी इथंच दाराबाहेर उभा आहे, तू आत जा." ती आत गेली, दोनदा वळून पाहिले, मी हात हलवला. तिसऱ्यांदा वळण्याआधी मी निघालो. डोळा चुकवून. आपल्याकडे ही पद्धत सर्वमान्य आहे; शेजारीपाजारी, कधी बाईसुद्धा सांगतात, "लक्ष नसताना सटका, रडेल थोडं."

फाटकावर मी त्या दिवशी फार चांगले बोललो. विषय होता, व्यवस्थापनाने दिलेला शब्द मोडला! टाळ्याही पडल्या. संध्याकाळी घरी गेलो तर पोरगी रडत नव्हती. ती माझ्याशी बोलली, जेवली. पण त्यानंतर महिना-दीड महिना, मी कुठे उठून जाऊ लागलो की ती माझ्या सदऱ्याचे टोक धरी. मी मोरीत गेलो तरी दाराशी बसून विचारी, "बाबा, आत आहेस ना?" पुढे मी दर वेळी खरे सांगून निघू लागलो. "मी आता जाणार. डबा खाऊन झाला, गाणं झालं, की आई येईल." त्यावर ती मोठ्याने रडे. सगळी बालवाडी ऐके. माझ्या पोटात कालवे. पण बाई सांगत, की तुम्ही कोपऱ्यावर वळलात की थांबते. सदऱ्याचे टोक सुटायला मात्र दिवाळी यावी लागली. एका सकाळच्या दहा मिनिटांची किंमत पाच महिने. इतके व्याज सावकारसुद्धा लावीत नाही.

सांगून निघालेल्या बापासाठी मूल रडते. न सांगता निघालेल्या बापासाठी ते रडत नाही, ते पहारा करू लागते. पहारा करणाऱ्याला अक्षर कसे दिसणार? त्याचे डोळे दाराकडे असतात.

वेळ सांगायची ती मुलाच्या घड्याळाने सांगा. "साडेबारा वाजता येतो" याला सहा वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. "जेवण झालं, हात धुतले, की मी फाटकात" याला अर्थ आहे. आणि मग फाटकात असा. एसटी चुकली, साहेबांनी थांबवले, ही कारणे मोठ्यांच्या जगात चालतात.

हे विचार काही माझे एकट्याचे नव्हेत. नंतर वाचताना मला कळले, की आपल्याकडे थोर माणसांनी यावर आयुष्ये घातली आहेत. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक मी एसटीत बसून वाचले. त्यातला नवा मास्तर पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीने मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो, आणि मुले वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होतो आणि गोष्ट सांगू लागतो. मग वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. किती सरळ उपाय! ज्याला पुढे काय होणार हे ऐकायचे आहे, तो उद्या येणारच.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केले. वारल्यांची मुले शाळेत येईनात. तेव्हा या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तर बाई त्यांच्यामागे कुरणात गेल्या; तिचे नाव कुरणशाळा. पुढे १९७५ साली सरकारने देशभर योजना काढली, तेव्हा अंगणवाडी हे नाव तिला मिळाले. आज आपण म्हणतो, मूल शाळेसाठी तयार आहे काय? ताराबाईंनी उलट विचारले, शाळा मुलासाठी तयार आहे काय? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण आमच्या धंद्यात आम्ही हेच विचारतो: माणूस यंत्राला जुळवायचा, की यंत्र माणसाला?

परदेशातली गोष्ट सांगायची तर माँटेसोरीबाईंची पहिली शाळाही कामगारवस्तीतच उघडली. ६ जानेवारी १९०७, रोममधील सान लोरेन्झो. आईबाप कामावर गेल्यावर मुले चाळीच्या भिंती खराब करतात, ही घरमालकांची तक्रार होती. म्हणून एक खोली मिळाली. मालकांना भिंती वाचवायच्या होत्या, बाईंनी मुले वाचवली. असो. हा माझा नेहमीचा विषय आला, म्हणून थांबतो.

आपल्या राज्यातही अलीकडे चांगले काही सुरू झाले आहे, ते सांगायला हवे. केवळ नावे ठेवून चालणार नाही. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. 'पहिले पाऊल' हे त्यांचे नाव. मुलाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतात. त्यात एक टेबल सामाजिक आणि भावनिक विकासाचे असते. आयांचे गट करतात आणि घरी करायचे खेळ समजावून देतात. करोनाच्या दिवसांनंतर याची गरज पडली. जून २०२० मध्ये ज्यांची नावे पहिलीत घातली, त्यांतल्या बहुतेकांनी वर्ग पाहिला तो १ डिसेंबर २०२१ नंतर, म्हणजे दुसरीत असताना. त्या मुलांना शाळा कशी असते हे कोणी दाखवलेलेच नव्हते. मेळाव्याबद्दल माझे गाऱ्हाणे एवढेच, की तिथे आया दिसतात, बाप दिसत नाहीत. बाप कामावर असतो, हे मला कोणी सांगायला नको. पण लग्नाच्या वऱ्हाडात त्याच बापाला रजा मिळते.

आणि कायदाही आहे. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. तेव्हा "मास्तर सरळ करतील" अशी धमकी जो बाप देतो, तो मास्तरांनी कायदा मोडावा अशी इच्छा करतो, हे त्याने ध्यानात घ्यावे! शिवाय तो आणखी एक नुकसान करतो. ज्या माणसावर मुलाने दिवसातले पाच-सहा तास विसंबायचे, त्याच्याविषयी त्याने आधीच भीती पेरलेली असते. मास्तरांची अर्धी मेहनत मग त्या उगवलेल्या तणावर जाते.

जून महिना मजुराच्या घरात मोठा वाईट. बियाणे, छपराची डागडुजी, वह्या, बूट, सारे एकदम. आमच्या सभासदांपैकी एकाचा मुलगा, तिसरीतला, शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात म्हणू लागला, की मला शाळेत जायचेच नाही. आईने समजावले, बापाने कान पिळला. मी घरी गेलो होतो वर्गणीसाठी. पोराला जवळ घेऊन विचारले, तर बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी नाय गेलो तर बूट नाय लागणार." रात्री आईबाप पैशांवरून भांडले होते आणि पोर गोधडीखाली जागे होते. त्याने आपल्या परीने तंटा मिटवला होता. बंधूंनो, पैशाची अडचण मुलांपासून लपत नाही. म्हणून ती लपवू नका, पण नीट सांगा. "यंदा बूट जुनेच. दिवाळीला बघू. शाळेचा खर्च हा माझा विचार, तुझा नव्हे." आणि दिवाळीला जमण्यासारखे नसेल, तर दिवाळीचे नाव घेऊ नका.

शहरातल्या मंडळींना वाटेल, हे सारे खेड्यातले आणि गरिबाचे. तसे नाही. शहरातल्या तीन वर्षांच्या मुलाला प्रवेशासाठी रंगांची इंग्रजी नावे पाठ करायला लावतात आणि ते चुकले की आईचा चेहरा उतरतो; त्या चेहऱ्याची भीती निसरड्या दगडापेक्षा कमी नसते. पण त्याविषयी तुम्ही माझ्यापेक्षा जाणते आहात.

मला बोलायचे आहे ते पाचवीला आणि आठवीला शाळा बदलणाऱ्या मुलांविषयी, कारण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पहिलीतल्या मुलाला फुगे देऊन आत घेतात, हल्ली ढोलताशेही वाजवतात. वाडीतली चौथी किंवा सातवी संपली की मूल एसटीने दुसऱ्या गावच्या शाळेत जाते, काही वसतिगृहात राहतात. त्यांना कोणी फुगा देत नाही. मोठे झाले, त्यांना काय सांगायचे, असे आपण धरून चालतो. पण लहानग्याला फक्त आई सोडायची असते. या पोराला सोबती, वाट, ओढा, ज्यांना त्याच्या घराची हकीकत माहीत आहे ते गुरुजी, असे सारे सोडायचे असते. नव्या शाळेत त्याच्या बोलण्याला हसतात. नीरा देवघरच्या वेळी आमच्या खोऱ्यातली काही कुटुंबे उठून खाली लाभक्षेत्रात गेली. मोबदला, जमीन, पाणी यांवर मोर्चे निघाले, मीही त्यांत चाललो. पण मुलांची शाळा बदलते आहे, त्यांच्याशी कोणी बोलले का, हा मुद्दा मागण्यांच्या यादीत मीसुद्धा घातला नाही. मी! ज्याला खिडकीची जागा आठवत होती.

आता समूह शाळांची चर्चा आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत, असे २०२३ साली पुढे आले, आणि त्या एकत्र करण्याचा विचार झाला; तेव्हा आपल्या शेजारच्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या पानशेतचे उदाहरण दाखवले गेले. चार पोरांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाहीत हे खरे, आणि वाडीची शाळा गेली की मुलींचे शिक्षण आधी थांबते हेही खरे. मी कामगार संघटनेचा माणूस, जागेवरची शाळा टिकावी या बाजूचा. ते लपवीत नाही. पण निर्णय काहीही होवो, एक गोष्ट मी मागून घेईन. सहा वर्षांचे पोर ज्या गाडीत बसेल, त्या गाडीत त्याच्या ओळखीचे एक माणूस बसले पाहिजे. ड्रायव्हर पुरत नाही. अहवालात मला गाडीचे भाडे दिसते, किलोमीटर दिसतात. ते माणूस कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

वेळ झाली असे अध्यक्ष खुणावत आहेत. एकच सांगतो.

मी सातवीनंतर शाळा सोडली. वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही आणि घरात पैसा हवा होता. इरल्यातली ती मुलगी चौथीतच थांबली. मध्ये कितीतरी वर्षे गाठ नव्हती. गेल्या जूनमध्ये गावी गेलो असता शाळेच्या पहिल्या दिवशी सहज शाळेकडे गेलो. पाऊस होताच. दारात ती उभी होती, नातवाचा हात धरून. मला ओळखून हसली, पण बोलली नाही, कारण तिचे काम चालू होते. ती त्या पोरापुढे वाकून सांगत होती, "मी आता जाते हां. खिचडी खाल्लीस, ताटली धुतलीस, की मी हितंच, या दगडापाशी. पाऊस लय असला तर जरा उशीर व्हईल, पर यीन." पोर रडले. ती गेली, वळून हात केला आणि सरळ चालत गेली.

मला भोरला यायची गाडी पकडायची होती. ती मी सोडून दिली आणि समोरच्या घराच्या पडवीत बसून राहिलो. खिचडी वाटून झाली, नळावर ताटल्यांचा आवाज झाला. पाऊस तर फारच होता. ती दगडापाशी आलेली होती. इरले नव्हते, छत्री होती, आणि छत्रीखाली तिने अर्धी जागा मोकळी ठेवली होती.